पंचेचाळीस हजारांचा वाटा: टाटांच्या दानाचे विषय कसे बदलत गेले

१९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली तेव्हा तिचं पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक होतं ८० हजार रुपयांचं. त्यातले ४५ हजार सर दोराबजी टाटा ट्रस्टने द्यायचे, २५ हजार मुंबई सरकारने आणि १० हजार केंद्र सरकारने, अशी वाटणी ठरली. शंभरातले छप्पन रुपये ट्रस्टचे. होमी भाभांनी मार्च १९४४ मध्ये ट्रस्टला पत्र लिहून या संस्थेची कल्पना मांडली होती. त्यानंतर सव्वा वर्षात बंगळुरात काम सुरू झालं आणि डिसेंबर १९४५ मध्ये ते पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आलं. १९५५-५६ मध्ये केंद्र सरकार, मुंबई सरकार आणि ट्रस्ट यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि खर्चाचा मुख्य भार केंद्राकडे गेला. आज ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालते. पाटीवर नाव मात्र टाटांचंच आहे.

टाटा समूहाच्या दानधर्माचा सव्वाशे वर्षांचा आलेख काढायला बसलं की हा प्रसंग पुन:पुन्हा भेटतो. शिष्यवृत्त्या, विज्ञान, कर्करोग, ग्रामीण उपजीविका, पाणी, पोषण, परत कर्करोग, मग महामारी असे विषय एकामागून एक येतात. विश्वस्तांची आवड बदलली, काळाची गरज बदलली, असं याचं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. नवा विषय हाती घ्यायला पैसा मोकळा व्हावा लागतो. तो मोकळा कधी होतो, तर जुन्या कामाचा दरवर्षीचा खर्च दुसरं कोणी उचलतं तेव्हा. म्हणून विषयांपेक्षा खर्चाची जात आधी पाहावी: एकरकमी, मुदतबंद, फिरता की आवर्ती (म्हणजे दरवर्षी लागणारा).

पैसा येतो कुठून

टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत. त्यात सर दोराबजी टाटा ट्रस्टचा वाटा जवळजवळ २८ टक्के आणि सर रतन टाटा ट्रस्टचा साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास. समूहातल्या कंपन्या टाटा सन्सला लाभांश देतात, टाटा सन्स ट्रस्टांना देते, आणि तिथून देणग्या निघतात. म्हणजे नळ कंपनीच्या नफ्याचा आणि तोटी विश्वस्तांच्या हातात.

या रचनेत एक गोम आहे. लाभांश कमी-जास्त होतो, पण प्राध्यापकाचा पगार, परिचारिकेचा पगार, वीजबिल दर महिन्याला ठरल्याप्रमाणे लागतं. हलत्या उत्पन्नावर न हलणारा खर्च बांधला की मंदीच्या वर्षी कात्री कुठे लावायची, हा प्रश्न उभा राहतो. कात्री बहुतेक वेळा नव्या, अजून रुजायच्या कामाला लागते, कारण जुन्या कामात माणसं नेमलेली असतात. यातून वाट काढण्याचे जे जे प्रकार टाटांनी वापरले, त्यांचाच हा इतिहास आहे.

फिरता पैसा आणि मुदतीचा पैसा

जमशेटजींनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला. तो दानाचा नव्हता, कर्जाऊ शिष्यवृत्तीचा होता. शिकून आलेल्याने पैसे परत करायचे आणि त्यातून पुढचा विद्यार्थी जायचा. मुद्दल फिरत राहतं, त्यामुळे हा विषय कधी बंद करावाच लागला नाही. जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले ते याच शिष्यवृत्तीवर, आणि निधी आजही चालू आहे.

सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन डॉक्टर होत्या. केळवकरांनी पुढे कोल्हापुरात स्त्रियांच्या आरोग्याचं काम केलं. आता हा खर्च कोणत्या रकान्यात टाकायचा? शिक्षण, आरोग्य की स्त्रिया? तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. वर्गीकरणाचा घोळ पहिल्याच पानावर सुरू होतो तो असा.

जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांची पद्धत निराळी होती. रक्कम आणि मुदत दोन्ही आधी सांगायची. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला वर्षाला १० हजार, दहा वर्षं. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्याला १९०९ पासून हप्त्याहप्त्याने सव्वा लाख. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीच्या अभ्यासासाठी १९१२ पासून वर्षाला १४०० पौंड, आधी तीन वर्षांसाठी. पाटलीपुत्राच्या उत्खननाला वर्षाला २० हजार, ज्यातून कुम्हरारच्या मौर्यकालीन स्तंभांच्या दालनाचे अवशेष हाती आले. राजकारण, समाजशास्त्र, पुरातत्त्व असे एकमेकांशी संबंध नसलेले विषय एका माणसाच्या वहीत सुखाने नांदले, कारण प्रत्येकाची शेवटची तारीख ठरलेली होती. मुदत संपली की विषय संपतो. कोणाचा पगार अडत नाही, कोणी दारात येऊन बसत नाही.

१९१८ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी ८० लाखांच्या निधीवर त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. मृत्युपत्रात विषयांची यादी सैल ठेवलेली होती: शिक्षण, विद्या, उद्योग, मानवी दु:खाचं निवारण आणि लोकोपयोगाची इतर कामं. ‘इतर’ या शब्दाची किंमत फार मोठी आहे. ज्या न्यासपत्रात एकच रोग, एकच गाव किंवा एकच जात लिहिलेली असते, त्याच्या विश्वस्तांना पन्नास वर्षांनी विषय बदलायचा झाला तर उद्देशबदलासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. इथे ती वेळ आली नाही.

तीन संस्था, तीन सोडवणुका

जमशेटजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांनी १९३२ च्या मार्चमध्ये आपली जवळजवळ सगळी मालमत्ता ट्रस्टला दिली. त्यात २४५ कॅरेटचा जुबिली हिराही होता. त्या आधीच्या वर्षी त्यांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या, म्हणून एप्रिल १९३२ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट वेगळा काढला. हा दुसरा ट्रस्ट मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे आणि आजही संशोधनवृत्त्या देतो. संशोधनवृत्ती म्हणजे मुदतीचा पैसा, त्यामुळे अरुंदपणा त्याला नडला नाही.

मोठ्या ट्रस्टने मात्र दहा वर्षांत तीन जड संस्था अंगावर घेतल्या. १९३६ मध्ये समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय सुरू केलं. नागपाड्यात वस्तीकाम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. हेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं, त्यावर सुमारे ३० लाख खर्च झाला. आणि १९४५ मध्ये भाभांची संस्था.

तिन्हींचा आवर्ती खर्च एकाच ट्रस्टने शतकभर ओढला असता, तर पुढे पाणी, पोषण, शेती हे विषय त्याच्या वहीत आलेच नसते. ते आले, कारण तिन्ही संस्था तीन वेगळ्या मार्गांनी सुटल्या, म्हणजे त्यांचा दरवर्षीचा खर्च दुसऱ्या कोणी उचलला. रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. विज्ञानसंस्था त्रिपक्षीय कराराने सुटली. समाजविज्ञान संस्थेला १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशाची वाट खुली झाली.

महाराष्ट्रात गावाकडे ‘त्यांना टाटाला नेलंय’ म्हटलं की ऐकणारा काय समजायचं ते समजतो. हे ‘टाटा’ गेली साठ वर्षं केंद्र सरकारच्या पैशावर चालतं, हे सांगितलं तर पुष्कळांना पटत नाही. देणगीदाराचं नाव खर्चापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. त्यामुळे एखाद्या समूहाच्या दानाचे विषय संस्थांच्या पाट्या वाचून ठरवू नयेत.

अशी सोडवणूक जमायला काय लागतं? संस्थेच्या नियामक मंडळावर सरकारचा माणूस पहिल्या दिवसापासून हवा. म्हणूनच भाभांच्या संस्थेत केंद्राच्या १० हजारांचं मोल रकमेपेक्षा मोठं होतं. वेतनश्रेणी सरकारी श्रेणीशी जुळती हवी. सरकारपेक्षा दीडपट पगार असेल तर हस्तांतराच्या वेळी कर्मचारी अडतात, निम्मा असेल तर वित्त विभाग फरकाचा आकडा पाहून फाइल परत पाठवतो. जमीन-इमारतीची मालकी निर्विवाद हवी. आणि नाव व नेमणुकांत दात्याला काय हक्क राहील, हे करारातच लिहिलेलं हवं.

साठ ते ऐंशीच्या दशकांबद्दल इथे थोडक्यात सांगून पुढे जातो. नरिमन पॉइंटला राष्ट्रीय प्रयोगकला केंद्र उभं राहिलं, १९८० मध्ये तिथलं टाटा थिएटर उघडलं. कलेचा रकाना भरला. कला केंद्राची मात्र सरकारकडे सोडवणूक होत नाही. तिथे तिकीट, भाडं, सभासद आणि दाते यांच्यावरच भागवावं लागतं.

अनुदानाचा काळ

नव्वदच्या दशकात गाडी वेगळ्या रुळावर आली. संस्था काढण्याऐवजी क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना काही वर्षांचं अनुदान देण्यावर भर आला. सन २००० मध्ये सर रतन टाटा ट्रस्टने आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेबरोबर आणंदला जलधोरणाचा संशोधन कार्यक्रम सुरू केला. उत्तराखंडात डोंगरी गावांच्या विकासाचा ‘हिमोत्थान’ हा कार्यक्रम आला. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांत ‘सुखी बळीराजा’ हा उपक्रम आला.

अशा अनुदानाचं चक्र सगळीकडे साधारण सारखंच असतं. आधी संकल्पनापत्र, मग प्रस्ताव, कार्यक्रम अधिकाऱ्याची क्षेत्रभेट, तीन वर्षांच्या ताळेबंदांची छाननी, विश्वस्त मंडळाची मंजुरी, करार, पहिला हप्ता, सहामाही अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र, दुसरा हप्ता. मंजुरीपासून पहिला पैसा गावात पोचेपर्यंत दोन-चार महिने सहज जातात. पाणलोटाच्या कामात हे महिने घातक ठरतात. फेब्रुवारीत मंजुरी आणि मे अखेरीस हप्ता आला, तर बांधबंदिस्तीचा हंगाम हातून गेलेला असतो. मग वर्षाअखेरीस पैसा शिल्लक दिसतो आणि मुंबईत बसून वाचणाऱ्याला वाटतं की संस्थेची ताकदच नाही.

याच काळात ‘मंजूर’ आणि ‘वितरित’ हे दोन आकडे एकमेकांपासून फुटतात. समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. एका ट्रस्टने पहिल्या वर्षी पाण्यासाठी पाच वर्षांचं १० कोटींचं अनुदान मंजूर केलं आणि आरोग्याला त्याच वर्षी एकरकमी १० कोटींची यंत्रं दिली. मंजुरीच्या हिशेबाने दोन्ही विषय निम्मे-निम्मे. पाण्याचे हप्ते १, २, ३, ३, १ असे गेले, तर वितरणाच्या हिशेबाने पहिल्या वर्षी आरोग्य ९१ टक्के आणि पाणी ९ टक्के. तिसऱ्या-चौथ्या वर्षी नवं काही मंजूर झालं नाही, तर पाणी १०० टक्के! विश्वस्तांनी मध्ये कोणताही निर्णय बदललेला नाही. अहवालातल्या रंगीत वर्तुळात मात्र क्रांती झालेली दिसते.

दुसरा फसवा आकडा टक्केवारीचा. एकूण खर्च १०० कोटींवरून २०० कोटींवर गेला आणि शिक्षण ४० वरून ५० कोटींवर गेलं, तर शिक्षणाचा वाटा ४० टक्क्यांवरून २५ वर ‘घसरतो’. शाळेत पैसा वाढलेला असतो. उलट महागाई वजा केली तर तेच वाढलेले १० कोटी कधी कधी शून्यावरही येतात. त्यामुळे टक्के, चालू रुपये आणि स्थिर किमतीचे रुपये असे तीन रकाने शेजारी मांडल्याशिवाय ‘अमुक विषय मागे पडला’ असं लिहू नये.

स्वतः राबवण्याची किंमत

गेल्या दशकात ट्रस्टांनी फक्त अनुदान देण्यापलीकडे जाऊन पुष्कळ कामं स्वतःच्या किंवा सहयोगी संस्थांमार्फत थेट राबवायला घेतली. याचे फायदे उघड आहेत. आकडेवारी एकसारखी येते, सरकारशी जिल्हा पातळीवर बोलता येतं, मोठा पल्ला गाठता येतो. आसामात राज्य सरकारच्या भागीदारीतून १७ कर्करोग रुग्णालयांचं जाळं आखलं गेलं, त्यातली पहिली सात २८ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाली. रुग्णाला परळपर्यंत यावं लागू नये, निदान आणि रोजचे उपचार जिल्ह्याजवळ मिळावेत, अशी ही रचना आहे.

१९४१ मध्ये एक रुग्णालय आणि ऐंशी वर्षांनी सतरा. विषय तोच, पण खर्चाची जात बदलली. परळचं रुग्णालय सुरू झाल्यावर सोळा वर्षांनी सरकारकडे गेलं. आसामात सरकार पहिल्या दिवसापासून भागीदार आहे. सोडवणूक इथे करारातच घातलेली आहे.

थेट राबवणुकीत अडचण येते ती कर्मचाऱ्यांची. अनुदानाच्या पद्धतीत करार संपला की हात मोकळे होतात. आपली माणसं नेमली की विषय सोडणं म्हणजे माणसं काढणं, आणि मग तो विषय कामाच्या गुणावर न टिकता पगारपत्रकावर टिकतो.

हे दुखणं अनुदानाच्या पैशालाही लागू शकतं, ते जून २०२४ मध्ये दिसलं. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी इथल्या शंभराहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा निघाल्या. त्यांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत होते आणि पुढच्या काळाचा निधी निश्चित झालेला नव्हता. निधीची हमी आल्यावर दोनच दिवसांत नोटिसा मागे घेतल्या गेल्या. यातलं पगाराचं गणित नीट पाहण्यासारखं आहे. मुदतीच्या पैशातून कायमस्वरूपी काम चालू होतं. ज्या संस्थेचा मूळ गाडा १९६४ मध्येच सुटला होता, तिच्याच नव्या शाखांचा खर्च मागच्या दाराने पुन्हा दात्याकडे आला होता.

मार्च २०२०

२८ मार्च २०२० रोजी टाटा ट्रस्ट्सनी ५०० कोटी आणि टाटा सन्सने आणखी १००० कोटी कोविडसाठी जाहीर केले. संरक्षक पोशाख, श्वसनयंत्रणा, चाचणी संच, उपचारांची सोय आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण ही त्यातली मुख्य कामं. सांगली आणि बुलढाण्यासह चार सरकारी रुग्णालयांत कोविड उपचाराची सोय उभी करायचं कामही ट्रस्टांनी घेतलं. त्या वर्षाचा आलेख काढला तर आरोग्याचा सुळका आभाळाला भिडतो. तो कल म्हणून वाचू नये. एकरकमी भांडवली खर्च पुढच्या वर्षी आपोआप खाली येतो.

त्याच महिन्यात कायद्याचा पैसाही वळला, आणि तो वेगळ्या नियमाने. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ५०० कोटी नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी), १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नक्त नफा यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. समूहातल्या टाटा स्टील, टीसीएस यांसारख्या कंपन्या हा खर्च आपापल्या समित्यांमार्फत करतात, ट्रस्टांचा त्याच्याशी थेट संबंध नाही. २३ मार्च २०२० च्या परिपत्रकाने कोविडवरचा खर्च या २ टक्क्यांत धरला जाईल असं स्पष्ट झालं. पीएम केअर्सला दिलेला पैसाही धरला गेला, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेला धरला गेला नाही. एका परिपत्रकाच्या ओळीने पैसा मुंबईकडे जातो की दिल्लीकडे, हे ठरलं. विषयबदलाचं हे कारण कोणत्याही वार्षिक अहवालाच्या अध्यक्षीय मनोगतात सापडणार नाही.

टाटा सन्ससारख्या मूळ कंपनीबाबत एक तांत्रिक मुद्दा हमखास सुटतो. कलम १३५ पाळणाऱ्या दुसऱ्या भारतीय कंपनीकडून आलेला लाभांश २ टक्क्यांच्या हिशेबातल्या नफ्यातून वगळला जातो, म्हणजे एकाच नफ्यावर दोनदा आकारणी होत नाही. म्हणून मूळ कंपनीचा एकूण नफा घेऊन त्याचे २ टक्के काढले तर आकडा भलताच फुगतो, आणि ‘कंपनीने कमी खर्च केला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

२०२१ च्या जानेवारीपासून चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावा लागतो आणि तीन वर्षांत संपवावा लागतो. चालू प्रकल्पाचा नसेल तर सहा महिन्यांत कायद्याने ठरवलेल्या सरकारी निधीत. परिणाम काय, तर मार्चमध्ये पैसा लवकर संपेल असे विषय पुढे येतात: रुग्णवाहिका, संगणक, शाळेचे बाक, स्वच्छतागृहं. पाणलोट किंवा शिक्षक-प्रशिक्षण मार्चमध्ये संपत नाही. ट्रस्टांवर कलम १३५ ची ही घाई नाही. एकाच समूहाच्या दोन झोळ्यांतले विषय वेगळे दिसतात त्याचं अर्धं कारण इथे आहे.

तक्ता करताना

असा अभ्यास दुसऱ्या कोणत्याही कंपनीवर करायचा असेल तर वीस वर्षांचे अहवाल घेऊन विषयांच्या यादीपासून सुरुवात करू नका. अहवालांतली शीर्षकं दर पाच-सात वर्षांनी बदलतात. ‘ग्रामीण उपजीविका’ मध्ये असलेलं शेततळं पुढे ‘पाणी’ मध्ये जातं, नंतर ‘हवामान बदल’ मध्ये. प्रत्येक अनुदानाची मूळ ओळ घ्या आणि तिला स्वतःचं एकच शीर्षक द्या, सगळ्या वर्षांसाठी तेच. ज्यांना दोन शीर्षकं लागतात, त्यांची रक्कम विभागू नका. मुख्य शीर्षकात पूर्ण रक्कम टाका आणि दुसरं शेरा म्हणून लिहा, नाहीतर बेरीज जुळवताना दमछाक होते. केळवकरांची शिष्यवृत्ती ‘शिक्षण’ मध्येच राहील, शेऱ्यात ‘स्त्रिया, आरोग्य’ येईल.

मग मंजूर आणि वितरित वेगळं करा. एकाच ओळीने वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम खाल्ली असेल, तर ती ओळ बाजूला काढून उरलेल्याचा आलेख पुन्हा काढा. आसाम आणि कोविडसारख्या ओळी अशाच बाजूला निघतात, आणि त्यांच्या मागे संथपणे सरकणारा खरा बदल तेव्हा दिसतो.

शेवटचा रकाना सहसा कोणी ठेवत नाही: ‘पुढे कोण चालवणार’. त्यात चारच नोंदी येतात: सरकार, लाभार्थींची वर्गणी किंवा फी, दाता स्वतः, कोणी नाही. १९४५ च्या त्या ८० हजारांपुढे या रकान्यात काय लिहायचं, ते केंद्राच्या १० हजारांवरून त्याच वर्षी कळत होतं.